झांझिबारची सिती

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, खापरखेडा नावाचे गाव आहे. आज त्याची ख्याती आसपासच्या कोळशाच्या खाणींमुळे व १३४० मेगावॅट शक्तीच्या वीजकेंद्रामुळे आहे. परंतु गावाचे नाव उच्चारताच मराठी कानाला प्रथम ऐकू येते ते ‘खापर’. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. माती मळावी, मडके घडवावे, भाजावे, बाजारी न्यावे. गिऱ्हाइकाने ते बोटाने वाजवून घ्यावे. आणि एके दिवशी ते फुटून त्याचे खापर व्हावे, असा त्या बिचाऱ्या वस्तूचा जीवनक्रम. पण आपल्या भाषेने या क्षुल्लक तुकड्यास एका वाक्प्रचारात कायमचे स्थान दिले आहे. अपराध एकाने करावा आणि त्याचे खापर दुसऱ्याच्या, बहुधा दुबळ्याच्या, माथी फुटावे, हा मनुष्यजातीचा फार जुना अनुभव होय. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशी एक स्त्री होऊन गेली की, जिने बालपणी मडकी घडवून विकली, आणि प्रौढ वयात दुबळ्यांच्या माथी फुटलेल्या अशाच खापरांची गाणी गाइली. ती झांझिबारची गायिका सिती बिंती साद होय. विशेष हे की, तिचा कंठ समुद्रापलीकडच्या जगाला प्रथम लाभला तो मुंबई शहरामुळे.

आफ्रिका आणि महाराष्ट्र यांचा संबंध मराठी वाचकास अपरिचित नाही. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर झाला, आणि १६२६ साली मृत्यू येईपर्यंत त्याने मोगलांना दक्षिणेत स्वस्थता लाभू दिली नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर मराठ्यांच्या आरमारास पिढ्यान्पिढ्या झुंजत ठेविले. आपल्या बखरींतून आफ्रिकेचा माणूस भेटतो तो असा शस्त्र हाती घेऊन. सिती मुंबईच्या बंदरात उतरली ती १९२८ साली, वाद्ये आणि साथीदार यांच्या सोबतीने. तिच्या त्या प्रवासाची नोंद कोणत्याही बखरीत होणे शक्य नव्हते. ती झाली ग्रामोफोनच्या काळ्या तबकडीवर.

हा प्रवास समजावयाचा तर प्रथम झांझिबार समजून घेतले पाहिजे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर उंगुजा आणि पेम्बा ही दोन मुख्य बेटे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओमानच्या अरब सुलतानाने आपली राजधानीच तेथे हलविली, आणि बेटांवर लवंगेचे मळे उभे राहिले. त्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील लवंगेचा फार मोठा भाग या दोन बेटांतून येत असे. आपल्याकडे विड्याला टोचलेली किंवा मसाल्यात पडलेली लवंग पुष्कळदा तेथलीच असे. ती खुडणारे हात मात्र गुलामांचे होते. आफ्रिकेच्या अंतर्भागातून माणसे पकडून आणली जात, झांझिबारच्या बाजारात विकली जात, आणि मळ्यांत राबविली जात. या सर्व व्यापारामागे अरब जमीनदारांप्रमाणेच कच्छ-गुजरातेतून गेलेल्या सावकारांचेही भांडवल गुंतले होते, हे सत्य येथे दडवून ठेवण्याचे कारण नाही.

मुंबई आणि झांझिबार यांच्यामधील समुद्र त्या काळी आजच्यापेक्षा अधिक वाहता होता. ईशान्येचे वारे सुटले की शिडाची गलबते आफ्रिकेकडे निघत आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू होताच परत फिरत. झांझिबारचे अधिकृत चलन १९३५ सालापर्यंत रुपया हेच होते. सुलतान बर्घाश हा गादीवर येण्यापूर्वी भावाविरुद्ध केलेल्या बंडामुळे हद्दपार झाला, तोही मुंबईसच. १८५९ नंतरची सुमारे दोन वर्षे त्याने येथे काढिली. पुढे १८७० साली तो सुलतान झाला, आणि इंग्रजांच्या दडपणाखाली १८७३ साली त्यानेच झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद केला. १८९० साली बेटांवर इंग्रजांचे संरक्षित राज्य आले, आणि १८९७ साली गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. कायद्याने बेडी तोडली; परंतु गुलामाच्या पोराला गुलामाचे पोर म्हणण्याची रीत कायद्याने एकाएकी थोडीच मोडते?

सितीचा जन्म याच संधिकालात, १८८० च्या सुमारास, उंगुजा बेटाच्या नैर्ऋत्य भागातील फुम्बा नावाच्या खेड्यात झाला. तिचे आईबाप मुख्य भूमीवरून आलेल्या गुलामवर्गातील होते. मुलीचे नाव ठेवण्यात आले ‘मतुम्वा’. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थच ‘गुलाम’ असा आहे. आपल्याकडेही मूल जगावे म्हणून त्याचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवीत; पण त्या नावाच्या पोटी माया असते. मतुम्वा या नावाच्या पोटी केवळ जगाने दिलेली पायरी होती. ‘बिंती साद’ म्हणजे सादची कन्या. शाळेचे शिक्षण तिला मिळाले नाही. आईपासून तिला एकच विद्या मिळाली, ती मडकी घडविण्याची. त्या किनाऱ्यावर हे काम बायकांचे, आणि त्यास आपल्या कुंभाराचे चाक नाही. ओल्या मातीच्या वळ्या एकावर एक रचीत, हातानेच थापटीत, मडके उभे करावयाचे आणि उघड्या जाळावर भाजावयाचे.

तयार मडकी डोक्यावर घेऊन ती वाटेने हिंडत असे, आणि माल विकण्यासाठी गाणे म्हणत असे. तिची हाक दुरूनच ओळखू येई, अशी तिची ख्याती पुढे सांगितली जाऊ लागली. आपल्या गल्लीतून जाणाऱ्या बोहारणीची किंवा कल्हईवाल्याची आरोळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना फिरत्या विक्रेत्याच्या कंठाची ही कमाई समजण्यास अडचण पडू नये. वाऱ्यावर आवाज फेकावयाचा, पुष्कळ अंतर चालूनही दम राखावयाचा, आणि ऐकणाऱ्याने दार उघडलेच पाहिजे अशी गोडी त्यात ठेवावयाची, ही तालीम कोणत्याही उस्तादाच्या घरी मिळत नाही. मडक्यांच्या ओझ्याखालीच तिचा गळा तयार झाला.

१९११ साली, वयाच्या तिशीच्या सुमारास, तिने खेडे सोडले आणि ती झांझिबार शहरात राहावयास आली. या शहराचे दोन भाग होते. एका बाजूस दगडी वाडे, नक्षीदार दरवाजे, सुलतानाचा राजवाडा, इंग्रजांच्या कचेऱ्या आणि सधन व्यापाऱ्यांच्या पेढ्या. आणि मधल्या खाडीच्या पलीकडे ‘न्गांबो’. न्गांबो या शब्दाचा अर्थच ‘पलीकडची बाजू’ असा. मुक्त झालेले गुलाम, हमाल, धोबिणी, मजूर, फेरीवाले या सर्वांची वस्ती तेथे. गुलामीच्या काळात पायात जोडा घालणे किंवा मस्तक झाकणे हीदेखील वरच्या वर्गाची मिरास समजली जाई. मुक्ततेनंतर न्गांबोच्या स्त्रिया रंगीबेरंगी कांगा नेसू लागल्या, कुलीन घरच्या बायकांप्रमाणे बुईबुई पांघरू लागल्या. वस्त्राच्या द्वारे त्या सांगत होत्या की, आम्हीही माणसेच आहो. मतुम्वाला हीच गोष्ट स्वरांच्या द्वारे सांगावयाची होती.

त्या वेळी झांझिबारमध्ये प्रतिष्ठित गाणे म्हणजे ‘तारब’. सुलतान बर्घाशला इजिप्तच्या संगीताचा षोक होता. त्याच्या आश्रयाने कैरोची वाद्ये आणि कैरोची गायकी बेटावर आली. उद नावाचे तंतुवाद्य, कानून, फिडल आणि डफ यांच्या साथीने अरबी काव्य गावे, आणि रसिकांनी गाद्यागिरद्यांवर बसून ऐकावे, असा तो दरबारी थाट. १९०५ साली शहरात ‘नादी इख्वान सफा’ नावाचे संगीतमंडळ स्थापन झाले. गाणारे पुरुष, ऐकणारेही बहुधा पुरुष, आणि भाषा अरबी. ती भाषा बेटावरील बहुसंख्य लोकांना समजत नसे. आपल्याकडे एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यात फारसी गझलेवर माना डोलाव्यात आणि बाहेर उभ्या असलेल्या मोतद्दाराला त्यातले अक्षरही कळू नये, तसाच हा प्रकार होता.

याच मंडळातील मुहसिन अली नावाच्या एका वादकाने मतुम्वाचा आवाज ऐकला. त्याने तिला शिष्या करून घेतले. अरबी शब्दांचे उच्चार, तालाची चौकट आणि उदाच्या साथीने गाण्याची रीत तिला शिकविली. पुढे सुबैत बिन अंबर, मालिम शाबान, बुदा बिन म्वेंडो आणि अंध वादक मबारुक या गुणी साथीदारांचा संच तिच्याभोवती जमला. आमंत्रणे येऊ लागली. श्रीमंतांच्या घरी, लग्नसमारंभात, आणि अखेरीस खुद्द सुलतान खलिफा बिन हरूब याच्या वाड्यात तिचे गाणे होऊ लागले. याच सुमारास तिचे जुने नाव मागे पडले आणि तिला नवे नाव मिळाले, ‘सिती’. या अरबी शब्दाचा अर्थ आपल्या ‘बाई’ किंवा ‘बाईसाहेब’ या शब्दांसारखा. म्हणजे जन्माने जिला ‘गुलाम’ म्हटले, तिला तिच्या गाण्याने ‘बाईसाहेब’ म्हणावयास लाविले.

हे सर्वांना रुचणे शक्य नव्हते. तिच्या कुळाचा, रूपाचा आणि गरिबीचा उपहास करणारी गाणी रचली गेली. कालपर्यंत अंगावर धड वस्त्र नसलेली, मडकी विकणारी ही खेडवळ बाई आज कोण झाली, असा त्यांचा आशय असे. तारबच्या परंपरेत अशा टोमण्याला गाण्यानेच उत्तर द्यावयाचे असते. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवालजबाबासारखेच हे. सितीनेही उत्तर दिले. सुंदर रूप आणि मोठे घराणे नसले तर माणसाची काही हानी होत नाही. अक्कल नसेल तर मात्र तो खरोखर दरिद्री होय, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता. या उत्तरात संताप नाही, दीनवाणेपणाही नाही. मोठ्या कुळाची प्रतिष्ठा ज्या मापाने मोजली जाते, ते मापच तिने बाजूस सारले.

परंतु सितीचे खरे कार्य राजवाड्यात गाण्याचे नव्हे. राजवाड्यात गाणारे पुष्कळ होते. तिने तारब खाडीच्या पलीकडे नेला, आणि तो स्वाहिलीत गाइला. दिवसभराची कामे आटोपल्यावर न्गांबोतील तिच्या घरी संच जमे, शेजारपाजार जमे, आणि तेथेच नवी गाणी आकार घेत. दिवसा वस्तीत जे घडले ते रात्री गाण्यात येई. लबाड कारकून, निर्दय नवरा, पैशाच्या जोरावर सुटलेला अपराधी, कचेरीत खेटे घालून थकलेला गरीब, हे त्या गाण्यांचे विषय. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या लोकांचे ते वर्तमानपत्र होते, आणि न्यायासनापुढे तोंड उघडू न शकणाऱ्यांचे ते न्यायासनही होते. १९२८ साली न्गांबोच्या रहिवाशांनी घराखालच्या जागेचे भाडे जमीनमालकांना देण्याचे एकजुटीने नाकारले. अशा वस्तीच्या मनात काय चालले होते, हे ज्यास जाणावयाचे असेल त्याला सरकारी अहवालांइतकीच सितीची गाणीही उपयोगी पडतील.

यांपैकी ‘किजिती’ हे गाणे आजही विसरले गेलेले नाही. किजिती हे एका पुरुषाचे नाव. मुख्य भूमीवरून पाहुणी म्हणून आलेल्या एका गरोदर स्त्रीला करमणुकीच्या निमित्ताने बाहेर नेऊन त्याने तिचा खून केला, आणि तो बेटावरून निसटून मुख्य भूमीवर पळून गेला. प्रकरण इंग्रजी अमलाखालील न्यायालयात गेले. खुनी हाती लागला नाही. शिक्षा झाली ती मयत स्त्रीच्या बरोबर असलेल्या दोन बायांना, दारू पुरविल्याच्या ठपक्याखाली. मराठीत ज्याला खापर फोडणे म्हणतात, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. एका स्त्रीचा जीव गेला, दोघींच्या वाट्यास तुरुंग आला, आणि ज्याने हे केले तो मोकळा राहिला. सितीने हा सारा वृत्तान्त गाण्यात सांगितला. गुन्हेगाराचे नाव तिने वगळले नाही, उलट त्यालाच गाण्याचे नाव करून टाकले. न्यायालयाने जे नाव हातातून निसटू दिले, ते तिने लोकांच्या ओठांवर कायमचे बांधून ठेविले.

आता १९२८ च्या मुंबईकडे वळावे. शहरात आकाशवाणीचा ओनामा नुकताच झाला होता. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते. बोलपट यावयास अद्याप तीन वर्षे होती. सधन घरांच्या दिवाणखान्यात मात्र कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेली तबकडी चांगलीच स्थिरावली होती. ग्रामोफोन कंपनीचा तबकड्या छापण्याचा कारखाना कलकत्त्यास १९०८ पासून होता, आणि ध्वनिमुद्रणासाठी मुंबई हे मोठे ठाणे होते. पूर्व आफ्रिकेतही ग्रामोफोन पोचला होता, पण त्यातून ऐकू येत ती अरबी, हिंदुस्थानी किंवा इंग्रजी गाणी. ज्या स्वाहिलीत किनाऱ्यावरचे लाखो लोक बोलत, भांडत आणि मुले झोपवीत, ती भाषा त्या पेटीतून कधी निघाली नव्हती. ‘हिज मास्टर्स व्हॉईस’ने सितीला आणि तिच्या संचाला मुंबईस बोलाविले. १९२८ च्या मार्च महिन्यात स्वाहिली गाण्यांच्या पहिल्या व्यापारी तबकड्या मुंबईत ध्वनिमुद्रित झाल्या. त्यानंतरही हा संच पुन्हा मुंबईस आला आणि आणखी गाणी मुद्रित झाली.

ज्या गाण्याला न्गांबोच्या अंगणात रात्र पुरत नसे, ते येथे तीन-साडेतीन मिनिटांत बसवावयाचे होते. कारण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तेवढीच चाले. श्रोत्यांची दाद नाही, मध्येच उठून गायिकेच्या हाती बक्षीस ठेवणारी बाई नाही. समोर फक्त ध्वनिग्राहक यंत्र. हाच प्रसंग १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानवर आला होता, आणि तिने गाण्याच्या शेवटी आपले नाव स्वतःच्या मुखाने उच्चारून तबकडीवर आपली मोहर उठविली होती. त्या काळी गाणाऱ्या बाईचे गाणे सर्वांना हवे असे, तिचे नाव मात्र सभ्य घरात दबक्या आवाजात घेतले जाई. तबकडीने ही स्थिती हळूहळू पालटली. तबकडीवर नाव छापावे लागते, आणि छापलेले नाव दुकानदाराला मोठ्याने उच्चारावे लागते.

सितीच्या बाबतीत याचा परिणाम कल्पनेपलीकडे झाला. १९३१ सालापर्यंत तिच्या आणि तिच्या संचाच्या तबकड्यांचा खप ७२,००० च्या वर गेला. झांझिबारच्या कॉफीच्या दुकानांपासून केनिया, टांगानिका आणि अंतर्भागातील बाजारगावांपर्यंत तिचा आवाज पोचला. ज्याच्या घरी यंत्र नव्हते तो यंत्र असलेल्याच्या दारी जाऊन बसे. आपले शब्द, आपल्या वस्तीतील भांडणे, आपली दुःखे त्या परदेशी पेटीतून उमटत आहेत, हे ऐकून त्या श्रोत्यांना काय वाटले असेल, याची कल्पना मराठी मनास सहज करिता येईल. नाटकगृहाची पायरीही न चढलेल्या खेड्यातील माणसाने मराठी नाट्यपद प्रथम कर्ण्यातून ऐकले, तेव्हा त्यालाही असाच विस्मय वाटला होता. भाषा तीच असते, परंतु ती यंत्रात शिरून परत आली म्हणजे तिच्या बोलणाऱ्यांची तिजवरील निष्ठा वाढते. स्वाहिलीला पुढे साऱ्या पूर्व आफ्रिकेच्या व्यवहारात जो मान मिळाला, त्यात या तबकड्यांचाही वाटा आहे.

सिती एकटी नव्हती. त्याच काळात जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत गाणारी स्त्री दिवाणखान्यातून जाहीर सभागृहात येत होती. आपल्याकडे मिरजेस जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. गाण्याच्या बैठकीत स्त्रीने हावभावांच्या आधाराविना, केवळ स्वरांच्या बळावर, सन्मानाने बसावे, ही गोष्ट त्यांनी रूढ केली. इजिप्तमध्ये खेड्यातील एका इमामाची मुलगी उम्म कुलसूम ही बालपणी मुलाचा वेष घालून धार्मिक गीते गात असे. १९३४ साली कैरोचे नभोवाणी केंद्र सुरू झाल्यावर तिच्या आवाजासाठी महिन्यातून एका गुरुवारी साऱ्या अरब जगाचा व्यवहार थांबू लागला. या दोघींच्या मागे घराण्याची तालीम किंवा धर्मपठणाचा संस्कार होता. सितीच्या मागे गुलामी आणि मातीची मडकी एवढेच होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे तिने चाललेल्या वाटेची लांबी समजते.

आयुष्याच्या अखेरच्या काळात टांगानिकातील थोर स्वाहिली कवी व लेखक शाबान रॉबर्ट तिजकडे आला. त्याने तिच्या तोंडून तिची जीवनकथा ऐकली आणि ‘वासिफू वा सिती बिंती साद’ हे तिचे चरित्र लिहिले. स्वाहिली वाङ्मयात एका सामान्य कुळातील स्त्रीचे चरित्र लिहिले जाणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. तोवर चरित्रे लिहिली जात ती सुलतानांची, संतांची आणि शूरांची. ते पुस्तक पुढे पूर्व आफ्रिकेतील विद्यार्थ्यांच्या हाती पडले, आणि जिला स्वतःस शाळा लाभली नाही, ती शाळेत शिकविली जाऊ लागली. ८ जुलै १९५० रोजी सितीचे झांझिबार येथे निधन झाले.

तिच्यामागे जग झपाट्याने पालटले. १९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती होऊन सुलतानाची सत्ता संपली, आणि त्याच वर्षी ती बेटे टांगानिकाशी जोडली जाऊन टांझानिया हे राष्ट्र झाले. ज्या दरबाराने तारब जोपासला तो दरबार राहिला नाही. पण तारब राहिला, कारण सितीने त्याला आधीच दुसरे घर मिळवून दिले होते. पुढच्या काळात हिंदी चित्रपटांच्या चालीही तारबमध्ये मिसळल्या. समुद्रावरून एकदा झांझिबारचे गाणे मुंबईस आले होते, त्याची फेड मुंबईच्या गाण्याने झांझिबारला जाऊन केली, असे म्हणावयास हरकत नाही. सितीची परंपरा बी किदुदे या गायिकेने एकविसाव्या शतकापर्यंत आणली. ती २०१३ साली वृद्धापकाळाने वारली, तोपर्यंत ‘किजिती’ गात होती, आणि युरोपातील रंगमंचांवरही ते गाणे ऐकले गेले. टांझानियातील स्त्री-पत्रकारांच्या संघटनेने आपल्या मासिकाचे नाव ‘साउती या सिती’, म्हणजे ‘सितीचा आवाज’, असे ठेविले. दुबळ्यांची बाजू छापून मांडणाऱ्यांना मडकी विकणाऱ्या या बाईचे नाव घ्यावेसे वाटले, यात तिच्या गाण्याचे मर्म आले.

मराठी माणसाला गोरा कुंभाराची कथा ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्याने हाती थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे याची परीक्षा केली. जगाने सितीचीही अशीच परीक्षा केली. गुलामीने तिला थापटले, दारिद्र्याने थापटले, कुलीनांच्या उपहासाने थापटले. आणि प्रत्येक वेळी नाद निघाला तो पक्क्या मडक्याचा. तिच्या गाण्याने किजिती सापडला नाही, त्या दोन बायांची शिक्षाही रद्द झाली नाही. गाण्याच्या अंगी तेवढे बळ नसते. परंतु खापर कोणाच्या माथी फुटले आणि ते कोणाच्या माथी फुटावयास हवे होते, एवढे तिने कोणालाही विसरू दिले नाही.

खापरखेड्यासारख्या नावाच्या गावी जुन्या जागेत नांगर किंवा कुदळ घातली की मातीतून एखादे खापर वर येते. ते कोणाच्या घरचे, त्यातले पाणी कोण प्याले, ते सांगणारा कोणी उरलेला नसतो. फुम्ब्याच्या मतुम्वाने घडविलेली मडकीही अशीच कधी फुटून मातीस मिळाली असतील. तिच्या हातच्या सर्व कामापैकी टिकली ती मुंबईत काढलेली काही काळी, ठिसूळ तबकडी. तीही हातातून पडली तर खापरासारखीच फुटणारी. तिच्यावर सुई ठेवली म्हणजे मात्र आजही एका गुलामाच्या मुलीचा स्वर उमटतो, आणि मुख्य भूमीवरून आलेल्या त्या अभागी पाहुणीची हकीकत पहिल्यापासून सांगू लागतो.